भोपळ्याची आई

रविवार, ९ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! विमान, मग बस, मग होडी — आणि होडीत भोपळ्याने पोटातलं सगळं माझ्या खांद्यावर ओकून टाकलं. भोपळा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आठ महिन्यांचा, डोक्यावर केस औषधालाही नाहीत आणि गाल खाली लोंबतात. नाव मीच ठेवलं. धाकटी चिडते, पण हाक तीही तीच मारते.

बेट सुंदर आहे. पाणी हिरवं, वाळू पांढरी, नारळ समुद्राकडे वाकलेले. जाहिरातीत होतं अगदी तसंच. जाहिरातीत फक्त डायपर नव्हते! आमच्या निम्म्याहून जास्त बॅगांत डायपर, दुधाचे डबे आणि बाटल्या उकळायचं भांडं. चिमणीने — ही थोरली, चार वर्षांची — वाळूत पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं, "घरी कधी जायचं?"

मी खरं तर येणारच नव्हते. धाकटी म्हणाली, "ताई, तू नसशील तर मी नाही जात. ही दोघं मला फाडून खातील." जावईबापूही, म्हणजे तिचा नवरा, मागे लागले. "चला हो, चष्म्याचं दुकान काय पळून जातंय?" आमचे हे म्हणाले, जा, दुकान मी बघतो. म्हणून आले. मदतीला.

सोमवार, १० नोव्हेंबर

धाकटी सकाळी चार घास खाऊन परत झोपली ती थेट दुपारपर्यंत. झोपू दे. भोपळ्याच्या वेळी तिचे फार हाल झाले. ऐन वेळी ऑपरेशन, रक्त खूप गेलं, आणि घरी आल्यावरही कित्येक महिने नुसती भिंतीकडे बघत बसायची. आत्ता कुठे सावरतेय. उन्हं उतरल्यावर जावईबापू तिला समुद्रात पोहायला घेऊन गेले. पोरं माझ्याकडे. मी त्यांना घेऊन हॉटेलच्या पोहण्याच्या तलावापाशी बसले, जिथे पाणी घोट्याएवढं आहे आणि वर कापडी छत आहे. भोपळा पाण्यावर हात आपटतो आणि स्वतःच दचकतो. हसून हसून पोट दुखलं माझं.

शेजारच्या आरामखुर्चीवर एक बाई होती. ही मोठी गवती टोपी! तिची मुलगी भोपळ्याहून जराशी लहान. बाई कशालाही घाबरते. ऊन लागेल, कानात पाणी जाईल, माशी बसेल. नवरा सुट्टीवर येऊनही खोलीत काम घेऊन बसलाय म्हणे. बराच वेळ आमच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तुमचं किती सहज चाललंय हो. सवय झाली असेल ना? दुसरं ना हे?"

मी म्हटलं, "हो, दुसरं."

म्हणजे दुसरंच आहे ना ते. खोटं काय बोलले?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

खोटंच बोलले. उगाच मनाची समजूत कशाला घालायची?

आज गेल्या गेल्या सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्यात काय अवघड आहे! "अहो, मी मावशी यांची." एवढंच. पण टोपीवालीने माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. भोपळ्याला बघून तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "अंगावर पाजता का अजून?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही हो, आटलं माझं."

आटलं माझं! मला दूध कधी आलंच नव्हतं, ते आटेल कुठून? दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं. पुढे डॉक्टर नको म्हणाले. आमचे हे म्हणाले, आपण दोघं आहोत की. तो विषय आम्ही मिटवला. मिटवला असं मला वाटत होतं.

मग तिने बाळंतपणाचं विचारलं, आणि एकदा जीभ सैल सुटली ती सुटलीच. ऑपरेशनच्या टेबलावरचे दिवे सांगितले. भूल उतरताना दात कसे वाजतात ते सांगितलं. आणि शेवटी सांगितलं की बाळ पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. माया नाही, आनंद नाही. कुणाचं तरी मूल आहे, असं वाटलं.

हे धाकटीचं आहे. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, तिने मला एकटीला सांगितलेलं. "ताई, कुणाला बोलू नकोस. मी राक्षसीण आहे का गं?" नवऱ्यालाही सांगितलेलं नाही तिने. आणि मी ते एका अनोळखी बाईपुढे स्वतःचं म्हणून मांडलं.

टोपीवाली रडायला लागली. माझा हात धरला. "मलाही काही वाटलं नव्हतं. मी कुणापाशी बोलले नाही. तुम्ही बोललात म्हणून..." आता मी हिला कोणत्या तोंडाने सांगू, की बाई, मला यातलं ओ की ठो माहीत नाही?

लाज वाटते लिहायला. पण त्या वेळी फार बरं वाटलं मला. खरंच फार बरं वाटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

चिमणीने घात केलाच असता. पाण्यातून ओरडली, "मावशी, बघ ना! मावशी!"

टोपीवालीने भुवया उंचावल्या. "मावशी?"

माझं डोकं इतक्या चपळाईने दुकानात कधी चाललं नाही. म्हटलं, "अहो, घरात बहिणीची पोरं मला सारखी मावशी-मावशी करतात. ही ऐकून ऐकून तेच शिकली." टोपीवाली खळखळून हसली. "आमच्याकडेही हेच! माझे बाबा स्वतःच्या आईला जन्मभर वहिनी म्हणाले." झालं. पचलं. जिवात जीव आला, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचं तर लिहूच नये. चिमणीला आइसक्रीम द्यायला बाजूला नेलं आणि म्हटलं, आपण एक गंमत करू. मला आई म्हणायचं.

"आणि आईला?"

"आई झोपलीय ना."

"मग उठल्यावर तिला काय म्हणायचं?"

मी म्हटलं, आधी खा, वितळतंय. चार वर्षांच्या पोरीला मी आइसक्रीम देऊन फितवलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

डोकं दुखतंय सांगून खोलीत बसले. दुखत नव्हतं. धाकटी दोनदा येऊन कपाळाला बाम चोळून गेली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुपारी सगळे एकत्र जेवायला बसलो. चिमणीने माझी बाही ओढली. "आई, पाणी दे."

पेल्याकडे माझाही हात गेला आणि धाकटीचाही. जावईबापू टाळी देत म्हणाले, "घ्या! माय मरो, मावशी उरो!" सगळे हसलो. धाकटीही हसली, पण नंतर जेवली नाही. खोलीत गेल्यावर पोरांचे कपडे घडी करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "इथे आल्यापासून मी नुसती झोपले गं. ती विसरलीच मला."

"वेडी आहेस का! पोरं काय, काहीही बोलतात," मी म्हणाले.

"नाही ताई. मी आधीच कुठे त्यांची होते?" आणि घड्या टाकून भिंतीकडे बघत बसली. अगदी तशीच. तेव्हाच सांगायला हवं होतं — अगं, ती विसरली नाही, मी तिला शिकवलं! शब्द ओठांवर आले होते. मी म्हटलं, "चहा मागवू का?"

चहा! शरम वाटायला हवी मला. वाटते, पण नुसती वाटून काय उपयोग?

संध्याकाळी पोरांना घेऊन बाहेर पडले तर टोपीवाली माझीच वाट बघत होती. खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली. "एक सांगू? रागावणार नाही ना? तुमच्या यजमानांवर जरा लक्ष ठेवा."

मला कळेचना. आमचे हे तर तिकडे दुकानात. मग लक्षात आलं. ती जावईबापूंबद्दल बोलत होती! समुद्रातली ती माझी बहीण, एवढं मीच तिला सांगितलं होतं; बरोबरचा पुरुष माझा नवरा, हे तिने ठरवलं. "तुम्ही इथे दोन पोरं सांभाळत बसता आणि ते रोज तुमच्या बहिणीचा हात धरून पाण्यात. मी बघते ना. सख्खी बहीण असली म्हणून काय झालं? तिला तरी लाज नको?"

माझ्या बहिणीला लाज नको! जी नवऱ्याच्या आधाराने आत्ता कुठे पाण्यात उतरायला लागलीय, तिला! मी उठायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. मी काय केलं? म्हटलं, "त्यांना पोहायची हौस. मला पाण्याची भीती वाटते." आणि मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचा तिने काढायचा तोच अर्थ काढला. पाठीवरून हात फिरवला माझ्या. मी फिरवून घेतला.

जाताना म्हणाली, "उद्या आम्हीही त्याच होडीने निघतोय. बघते मी तिच्याकडे."

म्हणजे उद्या दोघी समोरासमोर बसणार. होडी ती केवढी, गुडघ्याला गुडघे लागतात. टोपीवाली तोंड उघडणार आणि धाकटीला एका दमात सगळं कळणार — तिचं बाळंतपण, तिची पोरं, ओट्याशी बोललेली ती गोष्ट, सगळं मी वापरलं. तिचा नवरासुद्धा! परक्या बाईकडून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं. आत्ता. ती शेजारच्या खोलीत बॅगा भरतेय, भोपळ्याशी बोलल्याचा आवाज येतोय. उठते आणि सांगते.

दारापर्यंत गेले होते. ती भोपळ्याला म्हणत होती, "मावशी नसती तर आपलं काय झालं असतं रे?"

परत आले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

होडीत जावईबापू मागे, बॅगांपाशी. चिमणी झोपलेली. टोपीवाली बरोबर समोर. धाकटीने "नमस्कार" म्हटलं तर तिने तोंड फिरवलं आणि माझा हात हातात घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "जपा हो. एवढ्या ऑपरेशनातून उठलात, बाळाकडे बघून काही वाटलं नाही इतकं सोसलंत, आणि घरच्याच माणसांना त्याचं काही नाही."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मला वर बघवेना, पण ती बघतेय हे कळत होतं. मग ती टोपीवालीला म्हणाली, "खरंय. ताईचे फार हाल झाले. मी बाहेर बाकावर नुसती बसून होते. मी पोरांची मावशी."

आणि आपल्या मांडीवरचा भोपळा उचलून तिने माझ्या मांडीवर ठेवला.