घरी चालणारं रिव्हॉल्व्हर

५ ऑक्टोबर, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. ठासणीचं रिव्हॉल्व्हर घेतलं. बनावट नवी, पद्धत जुनी: सहा घरांत काळी दारू भरायची, गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची, घोडा ओढायचा. शोभना म्हणाली, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत लवंगीची माळसुद्धा तू मला लावायला दिली होतीस. बायका भलतंच लक्षात ठेवतात.
९ नोव्हेंबरला इथल्या नेमबाजी क्लबचा पालक-पाल्य जोडी सामना. अनिका शाळेच्या नेमबाजीच्या टीममध्ये आहे, शेवटचं वर्ष. ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. आम्हा दोघांची नावं दिली. ती म्हणाली, ओके, डॅड. एवढा उत्साह तिने क्वचितच दाखवलाय.

११ ऑक्टोबर, शनिवार
शेजारच्या डेलचा सल्ला घेतला. वय एकाहत्तर, निवृत्त प्लंबर, क्लबचा जुना मेंबर. म्हणाला, काळ्या दारूला पेट्रोलियमचं तेल चालत नाही, काजळी घट्ट बसते. नैसर्गिक तेल लाव, नाहीतर चरबी. चरबी आपल्या घरात येणार नाही. मी शुद्ध खोबरेल निवडलं. वरच्या बाथरूममधली बाटली गोठली होती; गरम पाण्यात ठेवून पातळ केलं आणि प्रत्येक सांध्याला सढळ हाताने घातलं. बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी उबेत बसून रिकामं चालवून पाहिलं. तीसपैकी तीस वेळा घोडा खटकन पडला.

१२ ऑक्टोबर, रविवार
नेमबाजीची रेंज, उघड्यावर. तापमान चाळीस फॅरनहाइट, अमेरिकेतली ऑक्टोबरची थंडी. घोडा ओढला, तो गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा हळूच टेकला. टोपी फुटली नाही. सहा घरांची चक्री फिरेना. रिकामं करून दोन तास उघडून बसलो. अनिका शेजारी उभी होती. शेवटी डेलच्या रिव्हॉल्व्हरने तिने सहा बार काढले.
घरी, फर्नेसशेजारी: तीसपैकी तीस.
वीस वर्षं सॉफ्टवेअरच्या प्रॉडक्शन सपोर्टमध्ये काढली आहेत. आपल्याकडे चालतं आणि क्लायंटकडे चालत नाही, तेव्हा चूक क्लायंटची असते. इथे क्लायंट म्हणजे टोप्या. विकणाऱ्याने फसवलं. ईमेल लिहिली, सौम्य पण झोंबेल अशी.

१९ ऑक्टोबर, रविवार
नव्या टोप्या. खबरदारी म्हणून तेल दुप्पट. तापमान छत्तीस. सहापैकी शून्य. अनिकाने विचारलं, डॅड, शूट करूया का डेलच्याने? सांगितलं, आधी रूट कॉज. मुलांना पेशन्स नसतो.
घरी: तीसपैकी तीस. हे यंत्र मला ओळखून वागतं.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी
पहाटे अभ्यंगाला बसलो तर बाटली रिकामी. शोभना म्हणाली, या घरात केस आम्हा दोघींना आहेत, मग तेल संपवतंय कोण? मी उटणं लावून घेत राहिलो. सणाच्या दिवशी वाद नकोत. संध्याकाळी मोठी बाटली आणली.

२६ ऑक्टोबर, रविवार
शुक्रवारी मुख्य स्प्रिंग बदलली. दुप्पट ताकदीची. अपयश आता अशक्य होतं.
तापमान एकोणतीस. घोडा वर ओढला, तो वरच राहिला. मग विचार करून खाली आला. अनिका म्हणाली, थंडी वाजतेय, कारमध्ये बसते. बरं झालं. कोणी नसलं की माझं डोकं चालतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
क्लबकडून जोड्यांची अंतिम यादी आली. अनिका आणि शोभना.
तीनदा वाचली. अनिकाला विचारलं. म्हणाली, आय स्विच्ड इट, डॅड, यू वॉज बिझी विथ द गन. व्याकरण दुरुस्त केलं.
उलगडा असा की गेले दोन शनिवार मायलेकी इंडियन ग्रोसरीला म्हणून जात होत्या त्या डेलबरोबर रेंजवर. पिशवीत नुसती कोथिंबीरच कशी, हे मी विचारायला हवं होतं. शोभना म्हणते, पहिल्या दिवशी घाबरले, मग मजा यायला लागली. स्वतःची बायको, स्वतःची मुलगी, स्वतःचा शेजारी. रिव्हॉल्व्हर तर परकंच होतं.

२ नोव्हेंबर, रविवार
डेलने रेंजवर माझं रिव्हॉल्व्हर उघडलं. आत पांढरं, घट्ट, मेणासारखं. वास घेतला. म्हणाला, गिरीश, यात तू मिठाई भरलीस का? मग इतका हसला की त्याला बसावं लागलं. उकळत्या पाण्याने धुऊन, पुसून, वाळवून त्याने आपलं ऑलिव्ह ऑइल जेमतेम थेंबभर लावलं. सहापैकी सहा बार.
माझं म्हणणं एवढंच: नैसर्गिक तेल लाव म्हणणाऱ्याने ते किती थंडीत गोठतं हेही सांगायला हवं. मित्र म्हणवतात.
घरी येऊन अनिकाला सांगितलं, आता चालतंय. म्हणाली, दॅट्स नाइस, डॅड. फोनवरून मान वर केली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
सामन्याआधी आयोजकांना भेटून विचारलं, अजून नाव बदलता येईल का. ते फार सभ्यपणे नाही म्हणाले.
अकरा जोड्यांत मायलेकी तिसऱ्या. अनिकाने शोभनाला मिठी मारली, दोघींचे कानावरचे मफ एकमेकांवर आपटले आणि दोघी हसत सुटल्या. मी दोघींचे कोट धरून उभा होतो. कोट जड होते.
परतताना अनिका मागे इअरफोन लावून बसली. शोभना ड्राइव्ह करता करता हळू आवाजात म्हणाली, तिला जिंकायचं नव्हतं रे. ते तीन रविवार तिने टीमची प्रॅक्टिस बुडवली होती. तुझ्याशेजारी उभी राहिली, आणि तू तिच्याशी एक शब्द बोलला नाहीस.
हा आरोप मला मान्य नाही. बोललो होतो. फोनचा टॉर्च इकडे धर, असं स्पष्ट म्हणालो होतो. दोनदा.