पहिली गिटार, दुसरी गिटार

न्यू यॉर्क,
१८ जानेवारी १९३८

चि. सौ. मेना हीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. रॉचेस्टरला दाराच्या कडीपर्यंत बर्फ साचलाय म्हणतेस आणि त्याच पत्रात गिटार कधी पाठवतोस म्हणून विचारतेस. पापांची शेवटची गिटार तुझी, हे त्यांनी माझ्यासमोर आणि पाद्रीबाबांसमोर सांगितलं आहे, मी काही नाकबूल होत नाही. पण या थंडीत गाडीने धाडली तर तिचं वॉर्निश तडकून जाळी पडेल. एप्रिलपर्यंत राहू दे माझ्याकडे.

तोवर तिला जरा मिरवून आणतो. तीस तारखेला, रविवारी, आपल्या गाववाल्यांच्या क्लबात सामना आहे. एकीकडे पापांची गिटार, दुसरीकडे सबिनोची. हो, तोच सबिनो, ज्याला पापांनी आठ वर्षं रंधा धरायला शिकवलं आणि ज्याने मग पलीकडच्याच गल्लीत स्वतःची पाटी लावली. मापं आपलीच, वरच्या फळीचा घुमट आपलाच, रंगसुद्धा तोच, कडेला काळपट आणि मध्ये मधासारखा. शेजारी ठेवल्या तर क्लबातल्या म्हाताऱ्यांना कोणती कोणाची ते सांगता येत नाही. म्हणून चादर बांधायची, तिच्यामागे वाद्यवृंदातल्या चेस्टरने दोन्ही वाजवायच्या आणि लोकांनी हात वर करायचे. पाहुण्याचा मान म्हणून आधी सबिनोची, मग आपली. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष होऊ दे.

आणि पापांचा तो अंगठ्याएवढा पितळी रंधा तू पळवलास, तो परत कर. रॉचेस्टरला त्याने काय चीज किसतेस?

घरच्यांना नमस्कार. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

दोनातो


रॉचेस्टर,
२२ जानेवारी १९३८

ती. दोनातोदादास,
सा. न. वि. वि. विनंती तीन पत्रांत करून झाली, म्हणून आता नुसतं विशेष.

रंधा पळवलेला नाही. पापांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनीच तो माझ्या हातात दिला. तू बाहेरच्या खोलीत मांडोलिनं दुरुस्त करत होतास, तुला ते माहीत नसायचं कारण नाही. या गिटारची तबली, वरची सगळी फळी, मी कोरली आहे. पापा शेजारी खुर्चीवर बसून बोटाने टकटक करायचे, कान लावायचे आणि इथे काढ, इथे हात लावू नकोस, एवढंच सांगायचे. मध्यावर लाकूड जरा जाड ठेवलं ते त्यांच्याच शब्दावरून. पातळ तबली लग्नात गाते, जाड तबली नातवंडांच्या बाप्तिस्म्यापर्यंत गाते, असं ते म्हणायचे. त्यांनी ती मला का दिली, ते यातच आलं.

सामना कशाला लावतोस रे? हरलास तर सबिनोला काही बोलायचा नाहीस, राग गिटारवर काढशील. लहानपणी डाव हरलास की पत्ते फाडायचास.

एर्नेस्तोचा खोकला कमी आहे. कोंबड्या मात्र थंडीने रुसल्या आहेत, अंडं म्हणून नाही. कळावे, आणि बहिणीचं एखादं तरी ऐकावे.

मेना


न्यू यॉर्क,
१ फेब्रुवारी १९३८

चि. सौ. मेनास आशीर्वाद.

हरलो. बावीस जणांत सतरा हात पहिलीला पडले, म्हणजे सबिनोच्या गिटारला. त्या सतरांत एक हात माझा होता.

हे मी तुझ्याशिवाय कोणाला लिहिणार नाही. डोळे मिटून बसलो होतो. पहिली वाजली आणि अंगावर काटा आला, पापा खोलीत आले असं वाटलं. दुसरी गोड होती, पण नुसतीच गोड. हात आपोआप वर गेला. मग अध्यक्षांनी कागद वाचला, पहिली सबिनोची, दुसरी आमची. सगळे माझ्या वर केलेल्या हाताकडे बघून हसले. चेस्टर निकालालाही थांबला नव्हता, त्याला वाद्यवृंदाबरोबर शिकागोची गाडी गाठायची होती. घरी येऊन मी जेवलो नाही.

काल माप घेतलं. मध्यावर तबली हवी त्यापेक्षा दोन कागद जाड आहे. हे तुझं भित्रं काम, मेना. पापा आजारी होते, त्यांना कुठलं एवढं ऐकू येत होतं? तू लाकूड काढायला घाबरलीस आणि जगाने हसायचं ते त्यांच्या नावाला. शनिवारी पाठ उघडतो आणि आतून ठीक करतो. तुझीच गिटार सुधारून देतोय, तेव्हा रागावू नकोस.

दोनातो


रॉचेस्टर,
३ फेब्रुवारी १९३८

ती. दादास नमस्कार.

हात लावू नकोस. हवं तर मला भित्री म्हण, पण तिला हात लावू नकोस. हरली तर हरली. मला हरलेलीच हवी आहे, पापांनी ठेवली तशी. काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही हे तुला मी सांगायचं का? ती माझी आहे, दादा.

मेना


न्यू यॉर्क,
१४ फेब्रुवारी १९३८

चि. सौ. मेनास अ. उ. आ.

तुझं पत्र गेल्या सोमवारी आलं. शनिवारीच काम झालं होतं, भुसासुद्धा झाडून टाकला होता.

बुधवारी तारा चढवल्या. काय आवाज सुटला म्हणून सांगू! नुसतं बोट लावलं की खोली भरून जायची. गुरुवारी सबिनो आला. टोपी हातात धरून दारात उभा, काहीतरी बोलायचं होतं त्याला. मी त्याला बोलूच दिलं नाही, गिटार घेऊन समोर वाजवली. त्याने ऐकलं, पाठ कधी उघडलीस एवढंच विचारलं, टोपी घातली आणि निघून गेला. तोंड असं उतरलं होतं की माझं महिनाभराचं जेवण त्या दिवशी झालं.

कालपासून तारांच्या घोडीखाली तबली किंचित बसल्यासारखी वाटते. तारा सैल करून ठेवल्या आहेत. हवेने होतं असं. येईल वर. एर्नेस्तोला सांग की उन्हाळ्यात त्याची बायको नाचायला लागणार आहे. राग गेला असेल तर दोन ओळी लिही.

दोनातो


रॉचेस्टर,
२७ फेब्रुवारी १९३८

ती. दादास,

सबिनोचं पत्र आलं. गिटार माझी म्हणून त्याने मला लिहिलं.

चेस्टर नऊ तारखेला शिकागोहून परतला, तेव्हा त्याला निकाल कळला आणि तो हसायला लागला. त्या दिवशी क्लबात गारठा होता, सबिनोच्या गिटारच्या तारा सुरात राहीनात. त्या जरा ऊब धरेपर्यंत त्याने पापांची आधी वाजवली. अध्यक्षांचा कागद आधीच लिहून तयार होता आणि चेस्टरला कोणी विचारलं नाही. गाडीच्या घाईत तोही बोलला नाही.

सबिनो तेच सांगायला आला होता, टोपी हातात घेऊन. पुढच्या रविवारी सगळ्या क्लबासमोर कबूल करायचं असं ठरवून आला होता. पाठ कधी उघडलीस म्हणून विचारलं आणि तुझं उत्तर ऐकून पुढे बोलवेना, असं लिहितो. आठ वर्षं पापांकडे काढलेला माणूस, रस्त्यात उभा राहून रडला म्हणे.

ते सतरा हात पापांना होते. तुझाही. अंगावर काटा आला तो खरा होता, दादा. तुझा कान पापांचा आहे, मला लहानपणापासून त्याचा हेवा वाटत आला. तो तुला खरं सांगत होता आणि तू अध्यक्षांचा कागद खरा धरलास. मला भित्री म्हणालास ते विसरेन कदाचित. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणालास, ते विसरणार नाही.

रंधा वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. चीज किसायला चांगला आहे.

माझी गिटार आहे तशी लगेच पाठव. एप्रिलची वाट पाहू नकोस. थंडीने बिघडेल असं तिच्यात आता काही राहिलेलं नाही.

लोभ आहे. तो वाढवण्याची विनंती या वेळी करवत नाही.

मेना