मटणवाल्याच्या घरचा पावटा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मटण बंद! डॉक्टरबाईंनी ह्यांच्या तोंडावर सांगितलं — "शमशुद्दीनभाई, दोन महिने मटणाला बोट लावायचं नाही." हे म्हणाले, "बोट न लावता कापू कसं?" चाळीस वर्षं विश्रांतवाडीत मटणाचं दुकान आहे, विचारणारच! बाई हसल्या नाहीत. गेल्याच महिन्यात हृदयात एक स्टेंट बसलाय. दुसरा नको असेल तर भाज्या, कडधान्यं, आणि तेल चमच्याने मोजून.

घरात आमची दख्खनी. पण बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे वही उघडली की मराठीच येतं. आज घरी आल्यावर हे जे म्हणाले ते मात्र तसंच लिहिते — "मेरे कू नक्को वो घास."

बघूच. माझी बिर्याणी खायला लोक खडकीहून येतात. पावटा मला जड नाही.

५ नोव्हेंबर

मंडईत गेले. सोबत ललिता — शाळेतली माझी जुनी मैत्रीण, जन्मात मांस न शिवलेली. पावटा, चवळी, वाघ्या घेवडा, कुळीथ. सगळं निवडून निवडून घेतलं.

"पावटा कोवळा आहे ना?" मी विचारलं.

भाजीवाली म्हणाली, "जून आहे सांगितलं तर घेणार आहात का?"

अर्धा किलो घेतला.

६ नोव्हेंबर

कुळथाचं पिठलं. ताटाकडे बघून हे — "हे घोड्याला देतात."

"घोड्याला कधी हार्ट अटॅक आलेला ऐकलाय?"

तीन घास खाल्ले.

१२ नोव्हेंबर

दुपारचा डबा दुकानात नेतात. रोज चाटूनपुसून रिकामा येतो! पावट्याची उसळ, दुधी-चणाडाळ, मेथी — काहीही द्या. औंधला मुलीला, रुकसानाला, फोन करून सांगितलं: तुझे अब्बा सुधारले. ती म्हणाली, "अम्मी, इतक्या लवकर?" लेकीला आईचं कौतुक म्हणून नाही!

१९ नोव्हेंबर



सकाळी भाजीच्या गाडीवर पोपटराव भेटले. आमच्या दुकानाशेजारी त्यांचं शिवणकामाचं दुकान. माझ्या पिशवीत डोकावून म्हणाले, "वैनी, पावटा घेतला जणू? परवाची उसळ लई झ्याक हुती!"

"तुम्हाला काय माहीत?"

त्यांचा चेहरा पडला. "न्हाई... शमशुभाई म्हणले, मला जात न्हाई, तू खा..."

दोन आठवडे! मी पहाटे उठून शेंगा सोलते आणि पोपटराव जेवतात. आणि हे? समोरच्या हॉटेलात खिमा-पाव — तेही पोपटरावांनीच कबूल केलं.

रात्री ह्यांना वाढलं आणि लवकर आडवी झाले. ह्यांना वाटलं, मला बरं नाही.

२० नोव्हेंबर

एक वाजता दोन डबे — एक ह्यांचा, एक माझा — घेऊन दुकानात गेले. स्टूल ओढलं, बसले. तीन गिऱ्हाईकं उभी होती.

"घरी जा. लोक काय म्हणतील? मटणवाला पावटा खातो!"

"म्हणू देत. मेलेल्या मटणवाल्याकडून कुणी मटण घेत नाही."

एक गिऱ्हाईक खोकलं. हे सुरा ठेवून हात धुवायला गेले. परत आले, खाली बघत जेवले. शेवटी हळूच म्हणाले, "जरीना, चिडू नकोस. पण हे खाल्लं की मी अजून दवाखान्यातच आहे असं वाटतं."

२१ नोव्हेंबर

रात्री त्यावरच विचार केला. खरं आहे त्यांचं. मी स्वयंपाक करतच नव्हते. डॉक्टरांच्या कागदावरचं शिजवत होते — घाबरून. तिखट कमी, मसाला कमी, जीवच कमी. कागदावर तर फक्त तेल-मीठ कमी लिहिलंय. लसणाने कुणाचं काय बिघडवलंय?

आज कांदा तव्यावर कोरडाच भाजला, काळा होईपर्यंत. चिमूटभर खोबरं, लसूण, आलं, धने, दालचिनी — मटणाला वाटते तसंच पाट्यावर वाटलं. रातभर भिजलेला वाघ्या घेवडा त्यात मंद आचेवर मुरवला. तेल मोजून एक चमचा. वर कोथिंबीर, लिंबू.

डबा घेऊन दुकानात गेले. पहिला घास घेतला आणि हे थांबले. माझ्याकडे बघितलं. मग ज्वारीच्या भाकरीने डबा पुसून काढला.

तारीफ नाही. मी निघताना फक्त — "कल क्या है?"

जिंकले!!

४ डिसेंबर

अख्खा मसूर. दोनदा मागून घेतला.

१८ डिसेंबर

ह्यांनी स्वतः हिरवे हरभरे आणले आणि टीव्हीसमोर बसून सोललेसुद्धा. पोपटराव तक्रार करत होते म्हणे, डबा बंद झाला. त्यांना आता शुक्रवारी वेगळा देते.

९ जानेवारी २०२६

ह्यांचे रिपोर्ट उत्तम! वजन पाच किलो कमी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जरीनाताई, हे श्रेय तुमचं." मी कशाला नाही म्हणू! रुकसानाला तिथूनच फोन लावला.

निघताना बाईंनी मला थांबवलं. "जिना चढून आलात तेव्हा छातीवर हात का ठेवला होता?"

"वय झालं. दम लागतो."

"कधीपासून?"

दिवाळीपासून. पण सांगायला वेळ कुणाला होता? त्यांनी लगेच ईसीजी काढायला लावला. उगाच.

१३ जानेवारी

ईसीजीनंतर अँजिओग्राफी झाली. माझ्या हृदयात तीन ठिकाणी अडथळे. उद्या सकाळी बायपास.

संध्याकाळी हे दवाखान्यात माझ्या कॉटशेजारी बसले होते. म्हणाले, "चवळी किती वेळ भिजवायची? नीट सांग. लिहून घेतो."

मी सांगितलं. ह्यांनी लिहिलं काहीच नाही. माझा हात सोडायला तयार नव्हते.