चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये

ती. मामांना,

भाचीचा साष्टांग नमस्कार (खोली इतकी लहान आहे की आठही अंगं एकदम टेकत नाहीत, चार टेकली आहेत, उरलेली जागा होईल तशी टेकवीन). तुमची पाठ कशी आहे? मामीचा गुडघा? मी मजेत आहे, वेळेवर जेवते, आणि पुढचं काहीही आईला वाचून दाखवू नका.

इंटर्नशिप सोमवारपासून, पण शहर पाहायला म्हणून मी गुरुवारीच येऊन पोचले. आईने बजावलं होतं की आधी ऑफिस पाहून ठेव, नाहीतर सोमवारी धांदल उडेल. म्हणून त्याच सकाळी तुमच्या आर्किटेक्ट मित्रांच्या ऑफिसची इमारत शोधून काढली. दारावरच्या रखवालदाराने नुसतं "नवीन?" विचारलं, मी हो म्हटलं, त्याने दुसऱ्या मजल्यावर धाडलं. तिथे कानाला हेडफोन लावलेल्या एक धिप्पाड बाई होत्या (त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात). मला पाहताच म्हणाल्या, "उशीर केलास." आता मामा, उशीर केलास म्हटलं की माणूस आधी सॉरी म्हणतो, कशाला ते नंतर विचारतो. माझं ते 'नंतर' दुसऱ्या दिवशी उजाडलं. बाईंनी मला एका फोनपुढे बसवलं. त्यावर लोक बंद पडलेल्या लिफ्टच्या तक्रारी सांगत होते. मला वाटलं, मोठे आर्किटेक्ट आहेत, पायापासून शिकवत असतील. इमारत म्हटली की लिफ्ट आलीच.

दुपारी बॅटरी धरायला म्हणून मेकॅनिकबरोबर पाठवलं. त्यामुळे हे शहर मी वरून पाहिलं, गच्चीवरच्या मशीनच्या खोल्यांतून. खाली सगळे रस्ते सारखेच दिसतात हो, पण गच्च्या एकीसारखी दुसरी नाही. एकीवर एक गृहस्थ पाण्याच्या टाकीला टेकून ट्रम्पेट शिकत होते (घरच्यांनी वर पाठवलं होतं, आणि घरच्यांचं बरोबर होतं). शेवटची तक्रार अकराव्या मजल्यावरच्या एका आजींची. त्यांची लिफ्ट दर गुरुवारी बिघडते. मेकॅनिकने एक बटण दाबलं, "आता ठीक आहे" म्हणाला, आणि आम्ही अर्धा तास चहा घेत आजींच्या जावयाची निंदा ऐकली. बिघाड काय होता, हे मी परत येताना विचारलं. तो म्हणाला, "बिघाड कसला, कुणी वर येत नाही त्यांच्याकडे." वहीत मात्र त्याने 'दुरुस्ती पूर्ण' असंच लिहिलं.

शुक्रवारी सकाळी आमच्याच इमारतीची लिफ्ट अडकली. आत एकच माणूस, आणि तो लिफ्टमधल्या फोनवर ओरडत होता. मेकॅनिक गावाच्या दुसऱ्या टोकाला. तोवर त्याला बोलतं ठेवायचं काम माझ्याकडे आलं. "मी कोण आहे माहीत आहे का?" असं त्याने दरडावून विचारलं. मी म्हटलं, "नाही, पण कुठे आहात ते माहीत आहे. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये." मग तो जरा नरमला. मी त्याला खाली बसवलं, टाय सैल करायला लावला, लहानपणी राहिलेल्या घराच्या खिडक्या मोजायला लावल्या. सात निघाल्या. सातव्या खिडकीनंतर गडी जो बोलत सुटला तो थांबेचना. बंद जागेची भीती, पाचव्या मजल्यावरचं स्वतःचं आर्किटेक्टचं ऑफिस, आणि सोमवारी डोक्यावर येऊन बसणारी एका मित्राची भाची: काम ना धाम, पण मित्राला नाही कसं म्हणायचं?

मामा, माझ्या हातातलं पेन खाली पडलं. मी आवाज जाडा करून म्हटलं की असतात असे मित्र, आणि भाच्या तर त्याहून वाईट. यावर ते पहिल्यांदा हसले. चाळीस मिनिटांनी सुटल्यावर फोनवरच्या ताईंचे आभार मानायला ते स्वतः दुसऱ्या मजल्यावर उतरले, जिन्याने. मी टेबलाखाली होते. मोठ्या बाईंनी ताई बाहेर गेल्याचं सांगितलं, ते गेल्यावर खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बोल." मी सगळं सांगितलं. दुसरा मजला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचा, आणि त्या ज्या नव्या मुलीची वाट पाहत होत्या ती आलीच नव्हती, असं निघालं. इतक्यात फोन वाजला, तशी त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. तुमच्या मित्रांना कळवा की भाची येत नाही. त्यांना आनंद होईल. कॉलेजला लागणारं इंटर्नशिपचं पत्र मोठ्या बाई देणार आहेत. आईला मात्र तुम्ही सांगायचं, शक्यतो समोरासमोर, आणि तुमच्या आवाजात.

ता. क. २. त्या चाळीस मिनिटांत तुमचाही विषय निघाला. कॉलेजच्या सहलीत दीपस्तंभाच्या जिन्यावर कोण डोळे मिटून बसलं होतं, आणि त्याला चार मुलींनी धरून कसं खाली आणलं, ते मला समजलं. कुणाला सांगणार नाही असं वचन मी दिलं आहे. मामी त्या 'कुणाला'मध्ये धरायची की नाही, हे तुमचं आईशी बोलणं झाल्यावर ठरवीन.