अंगण पलीकडे गेलं

खारवाडी, ६ एप्रिल २०२५

चि. प्रज्वल यास अ. उ. आ.

फोन आईकडे गेले की करते, तेव्हा ती शेजारीच असते, म्हणून लिहितेय. किनारा मोजणारी माणसं परवा खाडीपलीकडे आपल्या घराशी येऊन गेली. टेपचं एक टोक माझ्याच हातात दिलं होतं. गेल्या वर्षी ठोकलेली खुंटी सापडेचना. ती समुद्रात गेलीय. अंगणही गेलं. तुळस आता पायरीशी आहे. पावसाळ्यात घर टिकणार नाही, असं साहेब म्हणाले.

गंमत म्हणजे खाडीच्या अलीकडे, माझ्या सासरच्या दारापुढे, नवी वाळू साठलीय. तिकडची वाळू वाहून इकडे बसते, असं साहेबच म्हणाले. हे चिडवतात, की माहेरचं आंदण उशिरा का होईना, पोचलं.

आई मात्र हलत नाही. तुझ्या आकुर्डीत जीव रमत नाही आणि लेकीच्या घरी राहायचं नाही, एवढंच धरून बसलीय. पावसाच्या आत तूच काहीतरी सांग. ताईवरची माया आहे तशीच ठेव.

तुझी साधनाताई

आकुर्डी, १५ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

खरं सांगू? अंगण गेल्याचं वाचून काहीच वाटलं नाही. पत्र खिशात घातलं, चाकणची कंपनीची बस पकडली. शिफ्टभर पार्ट तपासले. केसभर फरक दिसला की बाजूला. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं, तेव्हाही नाही. बायको म्हणाली, रडा तरी. येत नाही गं रडू. माझीच मला भीती वाटते.

मागच्या खेपेला आईनं गॅलरीत उभं राहून समुद्र कुठल्या बाजूला, असं विचारलं होतं. मी शेडच्या पत्र्यांकडे बोट दाखवलं. तिला इथं आणून काय करू? मुलगा असून तुझ्याकडे ठेव म्हणायची लाज वाटते, तरी म्हणतो. भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा प्रज्वल

खारवाडी, २ मे

चि. प्रज्वलला आशीर्वाद.

तुमची पत्रं मी वाचली. साधनाला मेलीला लपवता कुठं येतं! काल तुळस मांडीवर घेऊन होडीतून इकडे आले. जावयांनी नव्या वाळूवर मांडव घालून दिलाय. जेवते तिथंच, रात्री तेवढी ओटीवर टेकते. लेकीच्या घरी राहिले म्हणायचं नाही हां! वाळू आपली आहे, मोजणारे साहेबच म्हणालेत. जावई म्हणतात, जागा सरकारची. मग सरकारनं ती होती तिथं नेऊन टाकावी, मी जाते मागोमाग.

रडू येत नाही म्हणून घाबरू नकोस. घराला कुलूप घालताना मलाही आलं नाही. इथं तुळशीसाठी वाळू उकरली, हाताला ओळखीची लागली, तेव्हा आलं.

सुट्टी काढून ये. अंगणात येताना चपला काढ.

तुझी आई