पसारा न होणारा खेळ

४ मे, सोमवार
सुट्टीचा पहिलाच दिवस आणि मुलींची भुणभुण – कागदाची घरं करायची! करा म्हटलं, पण माझ्या पद्धतीनं. खाली जुनी चादर, तिच्यावर वर्तमानपत्रं. रंग काठाच्या ताटात, एका वेळी दोनच. पाण्याचा पेला नाही – ओला स्पंज. कात्रणं थेट पिशवीत. अंगात ह्यांचे जुने शर्ट, उलटे घातलेले. चमकीचं नाव काढायचं नाही. ती मेली महिनाभर फटींतून निघते! पाचला घरं कपाटात, चादरीची चार टोकं धरली, बाकी सगळं कचऱ्यात. सहाला हे आले. फरशीवरून बोट फिरवलं. बोट बघून चहा मागितला. सुटलो.

५ मे
नुसत्या घड्या घातल्या. टोप्या, होड्या. दिवस बरा गेला.

७ मे, गुरुवार
सोफ्याच्या हातावर निळा ठिपका राहिला. मुगाएवढा. मला दिसला नाही, ह्यांना दारातूनच दिसला. "हा कोणाचा प्रताप?"
धाकटी पुढे झाली. चार वर्षांची. "माझा, बाबा."
हात उगारला नाही. कधीच उगारत नाहीत – म्हणून तर लोक देवमाणूस म्हणतात! तिची सातही घरं आणायला लावली आणि तिच्याच पायांनी तुडवायला लावली. एकेक करून. "आपला पसारा आपण आवरायचा."
रडली नाही पोर.
आणि मी? मी फडकं आणायला गेले.

८ मे
ठिपका निघाला. डाग काढण्यात माझा हात कोण धरणार!

११ मे, सोमवार
आज मीच सगळं मांडलं. नवे कागदसुद्धा आणले. धाकटी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसलेली.
"अगं, ये ना."
"नको. मी पसारा न होणारा खेळ खेळतेय."
"कोणता गं?"
"बसायचा."
थोरली खाली मान घालून म्हणाली, "मी शिकवला तिला. बाबांना चालतो."
आठ वर्षांची आहे ती. आठ!
ताई दोन वर्षं सांगतेय – "पोरींना घेऊन निघून ये." दोन वर्षं मी तिला गप्प करतेय.

१३ मे, बुधवार
ताईकडे आलो. तिघी. भरदुपारी निघालो. त्याचा फोन आला – परत कधी येताय? येणार नाही, म्हटलं. मुलींना ऐकू जाईल असं म्हटलं.