सुजाताचा पॅच आणि माझी हरकत

२ फेब्रु., सोम.
प्रॅक्टिकलच्या परीक्षा सुरू. दिवसभर पोरांच्या त्याच त्या चुका. दुपारी मेल उघडला आणि डबा तसाच राहिला.

सुजाताने भोक शोधलंय. माझी जुनी विद्यार्थिनी. तेही आमच्या फाइल सिस्टिममध्ये, पेनड्राइव्हवरच्या फाइली वाचणाऱ्या कोडमध्ये. आमच्या म्हणजे माझ्याच. जगभरचा आमचा ग्रुप ही सिस्टिम फुकटात लिहितो; कॉलेज सांभाळून, इतकी वर्षं, त्यातल्या या भागाची राखण मी करतोय. मुद्दाम बिघडवलेला पेनड्राइव्ह लावला की सिस्टिम वापरून झालेली मेमरी परत करते, म्हणजे दुसऱ्या कामांना मोकळी करते, पण आपल्याकडचा तिचा पत्ता पुसत नाही. नंतर पुन्हा त्याच पत्त्यावर लिहायला जाते. तोवर तिथे दुसऱ्याचं सामान आलेलं. जाणत्या चोराला एवढी फट पुरे, अख्खं मशीन ताब्यात.

मागे हिनेच विचारलं होतं, सर, मशीन सारखं बंद पडतंय. मी म्हणालो, रॅम काढ, खोडरबरने घास, परत लाव. घासली म्हणे. तरी बंद पडलं, म्हणून कोड वाचायला बसली.

ग्रुपच्या प्रमुखाने तिला लिहिलंय, "फार सुंदर काम." मला आजवर त्याच्याकडून फक्त "ठीक" मिळालंय.

३ फेब्रु., मंगळ.
दुरुस्तीचा पॅचही, म्हणजे कोडमधला बदलही, सु.नेच लिहिला. तो तपासायचं काम प्रमुखाने मला दिलंय. फट बुजेपर्यंत बाहेर कुणाशी बोलायचं नाही, हा ग्रुपचा नियम. म्हणजे जळायचं तेही गुपचूप.

पॅचखाली नावं येतात. शोधलं: सुजाता. दुरुस्त केलं: सुजाता. तपासलं: मी. लग्नपत्रिकेत तळाला 'किलबिल' छापतात, त्या ओळीत.

नंदाने, म्हणजे आमच्या हिने, चहा पुढ्यात आदळला. "कुणावर चिडलाय?"
कुणावर नाही, म्हटलं.
"मग लईच चिडलाय."

५ फेब्रु., गुरु.
सु. घरी आली. इथेच सात रस्त्याजवळ एका बारक्या कंपनीत आहे, पगार यथातथाच. मोहोळहून, त्यांच्या रानातले पेरू आणले होते. "सर, तुमी बघितल्याबिगर पॅच फुडं जानार न्हाय. मला तसंच पायजे."

निघताना हळूच सांगितलं. बुधवारी बंगळूरच्या मोठ्या कंपनीत मुलाखत आहे. तोवर पॅच मंजूर झाला तर दाखवता येईल. "न्हायतर माज्याकडं दाखवायला दुसरं काय हाय सर?"

बघतो, म्हणालो. नं.ने तिला आग्रह करकरून जेवायला घातलं. ती गेल्यावर पेरू खाल्ला. चांगला होता, त्याचाही राग आला.

शिष्याकडून हार व्हावी अशी इच्छा धरावी, हे मीच दर शिक्षकदिनी भाषणात ठोकतो. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला विद्यार्थी नसावेत.

६ फेब्रु., शुक्र.
सापडली! सु.च्या पॅचमध्ये चूक सापडली. पेनड्राइव्ह जोडताना मध्येच फसलं तर तीच मेमरी दोनदा परत केली जाते. तेही तितकंच धोक्याचं. कॉलेजच्या जिन्यावरून शीळ घालत उतरलो, शिपाई बघतच राहिला.

सु.ला फोन करता आला असता. केला नाही. ग्रुपमधल्या सगळ्यांना मेल टाकला. इंग्रजी तीनतीनदा घोटलं. "लेखिकेचा उत्साह कौतुकास्पद आहे, परंतु..." ते परंतु लिहिताना काय बरं वाटलं!

प्रमुखाचं उत्तर लगेच. हरकत निकालात निघेपर्यंत पॅच थांबवू.

८ फेब्रु., रवि.
नं.बरोबर नवी पेठेत. ती दुकानात ब्लाउजचं मॅचिंग बघत होती, मी पायरीवर उभा राहून मोबाइलवर तोच पॅच वाचत होतो. पुन्हा चव घ्यायला, दुसरं काय. आणि तिथेच दिसलं. मेमरी पहिल्यांदा परत करतानाच सु.ने पत्ता पुसलाय. दुसऱ्यांदा वेळ येते तेव्हा परत करायला काही उरतच नाही.

घरी येऊन चालवून पाहिलं. काही फुटलं नाही. पुन्हा चालवलं. नाहीच.

पोरांना ओरडून सांगतो, आधी चालवा, मग तोंड उघडा. मी चालवलंच नव्हतं. चूक हवी होती, म्हणून दिसली.

तेवढ्यात सु.चा मेल, फक्त मला. "सर, दोन दिवस शोधतेय, मला दिसत नाहीये. पण तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच. माझंच डोकं चालत नसेल."

नं.ला एवढंच सांगितलं, एका पोरीची चूक काढली, ती चूक नव्हतीच.
"मग सांगा की तिला."
सगळ्यांसमोर काढली होती.
"मग सगळ्यांसमोर सांगा. त्यात काय एवढं?"
हिला सगळं सोपं वाटतं.

९ फेब्रु., सोम.
कॉलेजातून आल्या आल्या सगळ्यांना मेल लिहायचं ठरवलं होतं. मीटिंग लांबली.
खोटं. मीटिंग लवकर संपली. कॅन्टीनमध्ये बसून राहिलो.

१० फेब्रु., मंगळ.
सकाळी सु.चा फोन. "सर, झालं! तुमी म्हनला तसंच केलं. आता दोनदा व्हायचा प्रश्नच न्हाय." आवाजात नुसता आनंद. नवा पॅच सगळ्यांना पाठवूनही मोकळी झाली. खाली एक ओळ वाढवली आहे. सूचना: माझं नाव. तिच्या नावाच्या वर.

वाचला. नसलेली चूक काढायला तिने परत करायची ओळ वर नेलीय. आता मागे चालू असलेलं काम संपायच्या आतच मेमरी परत जाते. जुनीच फट, नव्या जागी. चालवून पाहिलं. पहिल्याच फटक्यात मशीन बंद.

बरोबर होतं ते तिने मोडलं. मी म्हणालो म्हणून.

आणि इथे खोटं कशाला लिहू. मशीन बंद पडलं तेव्हा आत कुठेतरी गार वाटलं. चूक, तिची, खरीखुरी.

प्रमुखाचा मेल येऊन पडलाय. "आता तुमचं समाधान झालं का? झालं असेल तर आजच मंजूर करतो." उद्या तिची मुलाखत.

हो म्हटलं तर फट उघडी ठेवून दाराला कुलूप लावल्यासारखं. नवा पॅच चुकलाय एवढंच म्हटलं, तर तेही खरंच, फक्त नाक कापलं जाईल तिचं. माझं शाबूत.

"पहिला पॅच बरोबर होता" इतकं टाइप केलंय. पुढचं वाक्य 'मी'पासून सुरू होतं. तिथे मघापासून अडलोय.

सु.चा पुन्हा फोन वाजतोय. नं. आतून ओरडतेय, उचला की.